कोल्हा चढला तर

आम्ही गंध्यांच्या आळीतले.
बोळ कुटावा, तेलात मुरवावा,
कुपीच्या तोंडाला मेण लावावं,
एवढंच या हातांना ठाऊक.
दगड उचलताना आधी गुडघ्यांत वाकायचं
हे मला यहोयिश्मानं शिकवलं,
भट्ट्यांच्या बुरुजापाशी राहणारी पाथरवटाची विधवा.
म्हणाली, "कंबरेनं उचलशील
तर सणाच्या दिवशी अंथरुणात असशील."

सणाच्या दिवशी मी उभी आहे.

बावन्न दिवस.
ढिगाऱ्यातले दगड, जुन्या आगीत भाजलेले.
काही हातात घेताच पीठ व्हायचे,
काही इतके जड, जणू आत अजून कुणी राहतंय.
पलीकडच्या टेकाडावर बघे जमायचे.
त्यातला एक ओरडला होता,
"अरे, यावर कोल्हा चढला तरी ढासळेल!"
त्यांचं हसू वाऱ्यावरून आलं
आणि माझ्या टोपलीतल्या चुन्यावर बसलं.
मी उत्तर दिलं नाही.
टोपली जड होती.

आज त्याच भिंतीवरून
दोन रांगा निघाल्यात, एक उजवीकडे, एक डावीकडे.
नटोफाच्या खेड्यांतून आलेले गाणारे,
धुतलेली वस्त्रं, केसांना तेल,
आमच्याच दुकानातलं, उधारीवर नेलेलं.
झांजा, वीणा, याजकांचे कर्णे,
आणि मागे पलट्या, मासळी वेशीचा राखणदार,
तिघांचं एकटा जेवणारा,
दणादण पावलं टाकत.
खालून पोरं विचारतात,
"पलट्याकाका, कोल्हा चढलाय का हो वर?"
पलट्या थांबतो. घाम पुसतो.
दोन्ही पाय जोडून उडी मारतो,
एकदा, मग आणखी एकदा.

भिंत काहीच म्हणत नाही.

मग जे हसू उठलं ते आमचं होतं.
यहोयिश्मा तर खाली बसली, पोट धरून,
आणि हसता हसता तिचं तोंड
एकाएकी पदराआड गेलं.

होदव्याकाकांना दिसत नाही.
मागच्या खेपेला वेशी पेटवल्या
तेव्हा ते जळत्या फळ्या ओढत होते,
डोळे त्या धुरात गेले.
म्हणाले, "मला वर नको नेऊ. आपल्या तुकड्यापाशी ने."
उकिरडा वेशीच्या अलीकडे, सतरा हात लांबी,
ती आमची.
मुकादमानं बजावलं होतं, काळी बाजू आत, गोरी बाहेर.
एक दगड मी फिरवला नव्हता.
का, ते विचारू नका.
काकांचा तळवा चाचपत चाचपत
नेमका त्याच्यावर येऊन थांबला.
बोटं त्यांनी नाकाशी नेली.
"याला ओळखतो," म्हणाले.

वर उपकारस्तुती चालली होती,
अर्धी ओळ या बाजूनं, अर्धी त्या बाजूनं.
काका एक शब्द मागे राहून गात होते, बेसूर,
कपाळ दगडाला टेकवून.
मला याजकांचे शब्द पाठ नाहीत.
मी आधी गुडघ्यांचे आभार मानले,
मग ज्यानं गुडघे दिले त्याचे.

आवाज किती लांब गेला ते नंतर कळलं.
माझी बहीण दोन टेकड्या पलीकडे दिलेली,
ती सांगत आली, "अंगणात अंजिरं वाळत घालत होते,
मला वाटलं, तुमच्याकडे मारामारी सुरू झाली."

रात्री चुली विझल्या.
अर्पणाच्या मांसाची हाडं इथं तिथं पडलेली,
भिंतीच्या पायथ्याशी माणसं झोपलेली, सरमिसळ,
गाणारे, चुना कालवणारे, कुणाची तरी पोरं.
मी जागी होते. तळहातांवरचे फोड ठणकत होते.

आणि तो आला.
भिंतीच्या माथ्यावरून, चांदण्यात,
शेपूट जरा खाली, पावलं हलकी,
न बोलावलेला पाहुणा चालतो तशी.
आमच्या सतरा हातांवरून गेला.
काळ्या दगडावर थबकून त्यानं हुंगलं.

मी कुणाला उठवलं नाही.
हातातलं हाड त्याच्याकडे टाकलं
आणि कान देऊन ऐकत राहिले,
एखादा तरी खडा निसटतो का.